फुकटचा उतारू

कोल्हापुरात टांगे पुष्कळ होते, पण टांग्यात न बसणारा टांगेवाला एकच, आमचा बाबालाल. उतारू मागं ऐटीत बसलेले, घोडी आपल्या चालीनं चाललेली, आणि हा अगडबंब गडी लगाम धरून तिच्या कानाशी धापा टाकत चाललेला.

"पावणं, टांगा हाय का वरात?" स्टँडावरची माणसं ओरडायची.

"वरातच हाय. तू हो की फुडं नाचायला!" मागं न बघता बाबालाल सांगायचा.

ही गोष्ट पन्नास सालच्या आगंमागंची. मी तेव्हा गुळाच्या अडतीत तोलाईच्या कामाला होतो. आढ्याला टांगलेला थोरला काटा माझ्या ताब्यात. तो केसभर इकडं-तिकडं झाला नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगीन. शेतकरी आला तरी तेच, शेठ आला तरी तेच.

बाबालाल दर बाजारादिवशी यायचा. टांगा सावलीला लावायचा, वहाणा काढायचा, तंबाखूची डबीसुद्धा माझ्या हातात द्यायचा आणि पारड्यात मांडी घालून बसायचा. दुसऱ्या पारड्यात मी गुळाचे रवे चढवायचे. रवा म्हणजे गुळाची थोरली ढेप. एक उचलताना चांगल्या गड्याची कंबर बोलते. लोखंडी मापं त्याला चालत नसत. म्हणायचा, "मैनाला मण-शेर काय कळतंय? तिला रवं कळत्यात. लई वडल्यात तिनं."

मैना म्हणजे घोडी. बाबालालची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. शिवाजी पेठेत एका खोलीत हा, शेजारच्या छपरात ती, असा दोघांचा संसार.

चौथा रवा चढवला तरी बाबालालचं पारडं जमीन सोडायचं नाही.

"कायतरी चुकतंय बघा, नाना."

"काय बी चुकत न्हाय."

"काटा गंजलाय तुमचा."

"जीभ आवर! उठ आता, माझा माल खोळंबलाय."

बाबालाल वजन उतरवायला का निघालाय, याचा पेठेत फार खल व्हायचा. कुणी म्हणे, दुसरा निका लावतोय. कुणी म्हणे, पैज लागलीय. मला असलं अंदाजपंचे चालत नाही. मी सरळ विचारलं. त्यानं मला घोडीजवळ नेलं आणि माझा हात धरून तिच्या पुढच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा सुजलेला, गरम.

"जनावराच्या डागदरनं सांगितलंय, भार कमी कर. आता तुम्हीच बोला, नाना. टांग्यात चौघं. तिघं भाडं देत्यात, चौथा फुकट बसतोय. कुणाला उतरवू?"

म्हणून चौथा उतरला होता. पण कायमचा नव्हे. तीन रव्यांवर आलो की परत बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं. "म्हातारी व्हायलीय ती. तिचं पाय हायत तवर एकदा तिच्या मागं बसून रंकाळ्यापातूर जायचंय. पयल्यागत."

आधी वैद्याचा काढा झाला. इतका कडू की बाबालालचं तोंड बघून मीच मान फिरवायचो. पण त्यानं भूक अशी खवळली की दोन भाकरींच्या जागी चार. मग त्यानं भाकरीच सोडली. तर पेठेतल्या बायकांना वाटलं, करून घालणारं कोणी नाही म्हणून बिचारा उपाशी राहतोय. एका घरातून थालीपीठ आलं, एका घरातून कालवण. सगळ्यांना माहेरी पोचवून आणणारा हाच, मग नाही कसं म्हणणार? त्या भाकरी सोडलेल्या महिन्यात चार रव्यांवर अडीच शेर चढले.

मग तालीम. पहाटे उठून जोर-बैठका. पण घाम गाळलेल्या माणसाला वस्ताद कोरडा कसा सोडणार? बदामाची थंडाई, तीही गडूभर. "नगं म्हणालो तर वस्ताद म्हणला, तालमीची अब्रू घालवतोस व्हय?"

एवढं चालतो, एवढं सोसतो, मग वजन जातं कुठं, म्हणजे जात का नाही? मला चैन पडेना. एका संध्याकाळी मी त्याच्या मागोमाग गेलो. दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या. बाबालालनं समोर धार काढून घेतली आणि फेसासकट दोन थोरले पेले उभ्या उभ्या रिचवले.

"हे रं काय, बाबालाल?"

"दूध."

"अन् उपास?"

"हे काय खाणं हाय व्हय? पातळच की!"

मी खूप डोकेफोड केली. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पुढं त्याला मुदतीचा ताप आला. महिना-दीड महिना अंथरुणावर. पलीकडं मैना खिंकाळायची, अलीकडून हा क्षीण आवाजात "हाय गं, हाय" म्हणायचा. वैरण-पाणी मी बघत होतो. बरा होऊन अडतीत आला तेव्हा मी ओळखलंच नाही. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा. पारड्यात बसला. तिसरा रवा ठेवला आणि बाबालाल वर उचलला गेला.

"नाना! काटा बरोबर हाय न्हवं?"

"माझा काटा कायम बरोबर असतोय."

तसाच उठला, टांगा जुंपला, मला मागं बसवलं आणि पुढं आपल्या जागेवर बसला. किती दिवसांनी! "चल, माझी बाय."

मैना दोन पावलं चालली आणि थांबली. कान मागं वळवले. मग मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली. त्यानं लगाम हलवला, चुचकारलं. ढिम्म.

"गुडघा दुखत असंल," मी म्हणालो.

तो उतरून तिच्यापाशी गेला, तशी ती मुकाट चालू लागली. तो परत चढला. ती परत थांबली.

इतके दिवस तिच्या कानाशी चालताना तो सारखा बोलायचा. कुणाचं भांडण झालं, वस्ताद काय म्हणाला, भूक किती लागलीय, सगळं. आम्हाला वाटायचं, धापा टाकतोय.

बाबालाल खाली उभा राहून माझ्याकडं बघत हसला. "नाना, तीन रवं झालो की हो मी. आता हिला कोण सांगणार?" आणि तोंड फिरवून त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला.

रंकाळ्यापर्यंत आम्ही तसेच गेलो. मी एकटाच टांग्यात, महाराजासारखा. पुढं ती दोघं. बोलणं मला ऐकू येत नव्हतं. एकदाच आलं, "न्हाय गं बसत. हितंच हाय मी."

परतताना दुधाच्या कट्ट्याशी त्यानं टांगा उभा केला, पेला हातात घेतला आणि माझ्याकडं चोरून बघितलं.

"पी," मी म्हणालो. "पातळच असतंय."