पेटीचा घसा बसत नाही

ज्या समितीनं आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरपुढं 'अचूकता शंभर टक्के' लिहून खाली सही ठोकली, त्या समितीनं धडधडीत लबाडी केली. त्यापायी शहागंजातली सारजाबाई, तीन लेकरांची आई, कागदोपत्री पुरुष झाली.

जाहेदा विद्यापीठात आवाजावर संशोधन करायची. भाजी विकून घसा फाटलेल्या बायकांचा आवाज संगणकानं मोजायचा, तो किती उंच किती खाली ते बघायचं, आणि यादीत आलेल्या बाईच्या घशाची तपासणी फुकट करून द्यायची, असा बेत. सारजाबाई तीस वर्षं "कोथिंबीऽऽर" ओरडत आलेली. तिनं माइकसमोर "आ" केला. नव्या सॉफ्टवेअरनं सूर निम्म्यावर आणला अन् लिहिलं : पुरुष.

"सर, घोगऱ्या आवाजाला हे फसतंय," जाहेदा विभागप्रमुखांना म्हणाली.

"मशीन फसत नाही. अर्जात महिला, आवाज पुरुषाचा. नाव काढा."

"आधी तपासून तर बघू!"

"बघा की. पेटी लावून घेतो. एकेक सूर मशीनला ऐकवा."

"पेटीचा घसा बसत नाही, सर."

सरांनी ऐकलं नाही. पेट्या दुरुस्त करणाऱ्या हबीबचाचांकडून विभागाची पेटी सुरात लावून आली. सदतीस पट्ट्या वाजल्या, सदतीस जुळल्या. समितीनं चहा प्याला, सही केली.

जाहेदाला चैन पडेना. ती चाचांच्या दुकानात गेली.

"चाचा, इतनी पक्की पेटी कैसी मिलाए? केसभर फरक नाही!"

चाचा ओशाळले. "कानां कब के गये, बेटी. तुमारे सरच मोबाइल में ये डालके दिये. बोले, काटा बीच में आया तो बस."

जाहेदानं मोबाइल हातात घेतला. तेच सॉफ्टवेअर! त्यानंच पेटी लावली, अन् त्याच पेटीनं त्याला पास केलं.

दुसऱ्या दिवशी ती चाचांना आणि सारजाबाईला घेऊन थेट समितीच्या बैठकीत शिरली. सगळं ऐकून सर म्हणाले, "पेटी कशानं लावायची, हे नियमात नव्हतं."

सारजाबाईनं टोपली टेबलावर आदळली. कप हिंदकळले.

"नियम गेला चुलीत! मला घास गिळताना कळ येतीय, अन् तुमचं मशीन म्हणतंय मी बाप्या. तसं असंल तर लिहून द्या, शिक्का मारून. घरी जाऊन मालकाला दावते अन् आजपासनं सैपाकाला त्याला बसवते. खाली काय बघता? बोला, लिहून देता का घसा तपासता?"