जिन्याखालचा हुंकार

आवाज बंद करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. करकरणारं दार, ठिबकणारा नळ, शेजारणीची तक्रार, सगळं मी आयुष्यभर गप्प केलं आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं शिलाई मशीन मालगाडीसारखं खडखडायचं. त्याच्या पायांखाली मी जुन्या चादरीची घडी सारली आणि ते मांजरासारखं गुरगुरू लागलं. सासूबाई बघून म्हणाल्या, "हं."

या "हं"बद्दल इथेच सांगायला हवं. तो शब्द नव्हता. तोंड मिटून, नाकातून, फार खोलवरून येणारा तो हुंकार होता. भाजी बिघडली तरी हं, जमली तरी हं. त्यातला फरक फक्त त्यांच्या मुलाला कळायचा. मी आपली दोन्ही वेळा ताठ उभी राहायचे.

तो मुलगा, म्हणजे आमचे हे. निवृत्त झाल्यावर यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, तरी त्या बोटीवर माझा जीव जडला. कारण घरात हे म्हणजे वर्तमानपत्राच्या मागून येणारा एक खोकला. पण शिडात वारा भरला, इंजिन बंद झालं, की यांचं तोंड उघडायचं. शाळेची भिंत उडी मारून ओलांडताना विजार कशी फाटली, लग्नाच्या दिवशी नवा बूट कसा चावत होता, असल्या गोष्टी मला या वयात पहिल्यांदा कळल्या. आमचा संसार झाला जमिनीवर आणि ओळख झाली पाण्यावर.

अडचण एकच. वारा पडला की इंजिन लावावं लागे. ते बोटीच्या पोटातल्या खोलीत उतरायच्या जिन्याखाली, एका फळीमागे बसवलेलं. सुरू झालं की वाटायचं, आटलेल्या विहिरीत हत्ती अडकलाय आणि सोंडेनं चिखल ओढतोय. त्यात कानाच्या डॉक्टरांनी यांना बजावलं की गोंगाटापासून लांब राहा, नाहीतर उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल. झालं. यांनी घरी येऊन जाहीर केलं की बोट विकायची. एका दातांच्या डॉक्टरांना ती हवीच होती, ते रविवारी फेरी मारून बघणार होते.

मी म्हटलं, आवाज गेला तर? हे म्हणाले, गेला तर कशाला विकीन? पण जायचा नाही.

मला असं आव्हान कोणी देऊ नये.

धक्क्यावरच्या मेकॅनिकला सगळे फुंकर म्हणत, कारण हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर तो आधी फुंकर मारायचा. त्यानं फळी काढली, इंजिन सुरू केलं आणि हवा आत जाते त्या तोंडावर क्षणभर तळवा आडवा धरला. गर्जना निम्मी झाली.

"काकू, हा आवाज इंजिनाचा नाही, त्याच्या श्वासाचा आहे," तो म्हणाला. "हवा ओढताना घोरतंय ते."

नाक तर बंद करता येत नाही. पण हवा एका खोक्यातून आत घ्यायची, खोक्याला आतून मऊ अस्तर लावायचं, म्हणजे घोरणं आतल्या आत जिरतं, असं त्यानं समजावलं. बाहेरच्या नळीचं तोंड मात्र तिथेच, इंजिनाजवळ, खाली वळवून ठेवा, असंही म्हणाला. ते मी ऐकलं आणि बाजूला ठेवलं. त्या तेलकट, कोंदट कोपऱ्यात माणसानं श्वास घेऊ नये, इंजिनानं तरी का घ्यावा? स्वयंपाकघराला खिडकी लागते तशी त्यालाही लागणारच. मी नळी वर उघड्यावर न्यायचं ठरवलं.

खोक्याचा प्रश्न चुटकीसरशी सुटला. सासूबाई गेल्यावर मशीन नणंदेकडे गेलं, पण त्याचं लाकडी झाकण माझ्याकडे माळ्यावर राहिलं होतं. जाड लाकूड, वर पेटाऱ्यासारखी कमान, पितळी कडी. खाली फळी ठोकली, आत स्पंज लावला, त्याचा कण सुटून इंजिनात जाऊ नये म्हणून वरून कापड ताणून बारीक टाक्यांनी शिवलं. फुंकरनं भोकं पाडून दिली. नळीचं तोंड वर आलं ते सुकाणूशेजारी, अगदी आमच्या बसायच्या जागेजवळ.

धक्क्याला बांधलेल्या बोटीवर आम्ही इंजिन सुरू केलं. हत्ती नाहीसा झाला होता. नुसती दबकी धकधक. यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी उगाच चष्मा पुसला. मग यांनी इंजिनाचा वेग कमी केला.

जिन्याखालून आवाज आला. हं.

सत्तरी ओलांडलेला हा माणूस ताठ झाला आणि हातातली सिगारेट त्यानं पाठीमागे लपवली.

"तू काही म्हणालीस?"

"मी कशाला काही म्हणू?"

आता येऊ नका, असं दातांच्या डॉक्टरांना यांनी कळवलं मात्र नाही. आधी सगळं नीट ऐकू दे, म्हणाले. म्हणजे बोट अजून टांगणीलाच होती.

रविवारी सकाळी दाट धुकं होतं. दातांचे डॉक्टर पांढरी टोपी घालून वेळेवर हजर. मागे धक्का विरघळला, मग बोटीचं नाक विरघळलं, आणि आम्ही तिघं कापसात गुंडाळल्यासारखे हळूहळू पुढे निघालो. वेग कमी होताच खालून हं. डॉक्टरांनी सभ्यपणे विचारलं की खाली आणखी कोणी आहे का. हे म्हणाले, नाही. डॉक्टर हसले. थोड्या वेळानं पुन्हा हं. या वेळी ते हसले नाहीत.

मग झुळूक आली. आम्ही शीड चढवलं आणि यांनी इंजिन बंद केलं. पाण्याचा आवाज नाही, पक्षी नाही. त्या शांततेत जिन्याखालून, सावकाश, लांबलचक, कोणी मान वळवत म्हणावं तसं आलं, "हंऽऽऽ."



"इंजिन बंद केलंत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

हे जिन्याच्या तोंडाशी वाकून हळू आवाजात म्हणाले, "आई, काय झालं?"

"तुमच्या मातोश्री आहेत का खाली?"

"नाही. वारल्या."

"केव्हा?"

"झाली बरीच वर्षं."

डॉक्टर टोपी काढून हातात फिरवू लागले. हे मात्र जिन्यावरच बसले. लहान मुलासारखा चेहरा करून त्यांनी विचारलं, "विकू नको म्हणतेस?"

वारा वाढला. "हंऽऽऽऽ."

"आपण परत फिरू या," डॉक्टर म्हणाले. "मला एका दाढेची आठवण झाली."

मी खाली गेले. कोणीतरी जायला हवं होतं. खोलीत दुधासारखा उजेड होता आणि सगळ्या वस्तू एकमेकींपासून लांब गेल्यासारख्या दिसत होत्या. फळी सरकवून मी झाकणावर हात ठेवला. ते कोमट होतं आणि थरथरत होतं, पांघरुणाखालच्या माणसाच्या पाठीसारखं. मी हात पटकन काढून घेतला. मग डोकं ताळ्यावर आलं आणि वर येऊन मी नळीचं तोंड तळव्यानं झाकलं. आवाज थांबला. हात काढला, पुन्हा सुरू. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती घुमते, तसाच हा प्रकार. वारा नळीवरून जात होता आणि खोकं घुमत होतं.

मी विजयानं यांना दाखवलं. हात ठेवला, काढला, ठेवला, काढला.

हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "आईच्या तोंडावर हात ठेवतेस?"

मी हात खिशात घातला.

बोट विकली गेली नाही. डॉक्टर धक्क्यावर उडी मारून उतरले ते टोपी विसरूनच. मी जिंकले होते. फक्त त्यानंतर बोटीवर आम्ही दोघं कधी नसायचोच. शीड भरलं की हे जिन्यावर बसत, माझ्याकडे पाठ करून, आणि खालच्या बाजूला तोंड करून बोलत. विजार, बूट, सगळं नव्यानं. मी काही विचारलं की म्हणायचे, थांब जरा, आईला सांगतोय.

शेवटी मी फुंकरला बोलावलं. त्यानं आधीच सांगितल्याप्रमाणे नळी वरून काढली आणि तिचं तोंड इंजिनाजवळ खाली वळवून घट्ट आवळलं. हुंकार बंद. त्या दिवशी सुरेख वारा होता. यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि उघडलं. बोटीवर, भरल्या शिडाखाली, वर्तमानपत्र! संध्याकाळपर्यंत मी फक्त खोकला ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच पाना घेऊन जिन्याखाली वाकले. म्हटलं, तिघं तर तिघं, पण बोलतं घर असावं. नळी सोडवून पुन्हा वर न्यायची. बोट धक्क्याला होती, वारा पूर्ण पडलेला, इंजिन गार. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. मी पाना बसवला. अजून फिरवलाही नव्हता.

"हं."

वरून यांचा आवाज आला, "बघ, आईला पटलं."

मी पाना खाली ठेवला, सरळ उभी राहिले, डोकं जिन्याला आपटलं, आणि म्हणाले, "हो आई."