एक हुकूम मोडायचा

"भाजीत मीठ जास्त पडलं, ह्याला पुरावा म्हणायचा का न्हाई, तेवढं सांग. उगं वहीचा कागुद वाया जातोय."

नाथाजी मास्तरांची ही कुरकुर शेजारच्या बनुबाईंनी भिंतीपलीकडून ऐकली. ऐकण्यासाठी त्यांना वेगळं काही करावं लागत नसे. कोरेगावातल्या त्या जोडघरांची मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती. एका घरातल्या फोडणीनं दुसऱ्या घरातली माणसं शिंकायची. पलीकडे नाथाजी मास्तर आणि त्यांची बायको अंजना राहत.

नाथाजी पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता हायस्कुलात कवायत शिकवत. मैदानावर त्यांनी 'सावधान' म्हटलं की रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा एक पाय टेकून थांबायचा. असा हा माणूस संध्याकाळी पाचला घरी आला की गळ्यातली शिट्टी काढून बायकोच्या हातात द्यायचा. मग शिट्टी वाजायची ती अंजनाची.

"तांदूळ निवडा. खडा राहिला तर कान धरून हुबं ऱ्हायाचं."

"व्हय."

"व्हय काय?"

"व्हय जी."

हे सगळं नाथाजींनी स्वतः मागून घेतलं होतं. बहात्तर साली ते कायमचे घरी आले. लेक फलटणला नांदत होती, घरात दोघंच. दिवसभर हुकूम सोडून जीव आंबला की कुणीतरी आपल्याला सांगावं आणि आपण निमूट करावं, ह्यात केवढी विश्रांती आहे, हे त्यांनी कान लाल करून बायकोला सांगितलं. अंजनानं दोन दिवस विचार केला आणि नियम घातले. शिट्टी पाचपासून जेवणापर्यंत. पाव्हण्यांसमोर नाही. आणि दोघांपैकी कुणीही 'विश्राम' म्हटलं की सगळं तिथल्या तिथं थांबणार, का म्हणून विचारायचं नाही. तीन वर्षांत तो शब्द दोनदाच निघाला. एकदा नाथाजींच्या पोटरीत गोळा आला तेव्हा आणि एकदा अंजनाचं दूध उतू चाललं तेव्हा.

गल्लीला हे माहीत होतं आणि नव्हतंही. शिट्टी सगळ्यांना ऐकू यायची, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे.

पण गेल्या दिवाळीपासून नाथाजींना एका विचारानं धरलं. अंजनाला ह्याचा कंटाळा आलाय. बिचारी माझ्यापायी रेटतेय. एक दिवस शिट्टी फळीवर ठेवील आणि फलटणची गाडी धरील. भाजीत मीठ जास्त पडलं की ते लगेच तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. झोप उडाली, गालफडं बसली. शेवटी अंजनानंच त्यांना आगगाडीत घालून मिरजेला नेलं. तिथं एक नवे डॉक्टर आले होते, परदेशात शिकलेले. गोळ्या कमी देत आणि प्रश्न फार विचारत. नाथाजींनी खालमानेनं सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत.

"दोघांच्या मर्जीनं चालतं?"

"व्हय."

"नको वाटलं तर थांबवता येतं?"

"येतं की. शब्द हाय त्याला."

"मग त्यात आजार नाही. आजार त्या विचारात आहे. विचार आला की त्याच्याकडे पुरावा मागायचा." मग ते अंजनाकडे वळले. "आणि बाई, तुम्हाला कसं वाटतं ह्यात?"

अंजनानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. "आता नवरा म्हटल्यावर करायचंच की," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांनी लिहिलेलं नाथाजींनी पाहिलं, आणि बायकोचं तेच उत्तर मनात घेऊन ते घरी आले.

तेव्हापासून वही सुरू झाली. तीन रकाने: विचार, पुरावा, उलट पुरावा. पहिले दोन भरत चालले, तिसरा कोराच राहिला. डॉक्टरांनी आणखी एक उपाय दिला होता. एकदा मुद्दाम हुकूम मोडून बघा. काय होईल ते भीतीला विचारू नका, डोळ्यांनी बघा.

शनिवारी अंजनानं तो उपाय अमलात आणला. तिच्या पद्धतीनं.

"उद्या रविवार. सकाळपास्नं शिट्टी चालू. दिसभरात माझा एक हुकूम मोडायचा. कुठला ते मला सांगायचं न्हाई."

"अगं, पर..."

"हा हुकूम हाय."

नाथाजींनी डोकं खाजवलं. "मग ह्योच मोडला तर?"

"चहाटळपणा न्हाई," अंजना म्हणाली. आणि तिनं दिवा बारीक केला.

रविवारी पहिला हुकूम आला, पाणी तापवा. नाथाजींनी मनाशी ठरवलं, हाच मोडायचा. ठरवेपर्यंत बंब पेटला होता. अंगणातली भांडी ओळीनं लावा, हा दुसरा. भांडी लागली, उंचीप्रमाणं. अठरा वर्षं पलटणीत काढलेले हात डोक्याला विचारत नव्हते. कपड्यांच्या घड्या, देवाची समई, चुलीचं सारवण, सगळं करून ते दमून बसले तेव्हा तीन वाजले होते आणि एकही हुकूम मोडलेला नव्हता.

"साडेतीनच्या गाडीनं दादा येतोय लोणंदास्नं," अंजना चपला घालत म्हणाली. "ठेसनावर जाऊन त्याला घिऊन या. मी बासुंदीला दूध बघती. आता माझं काय सांगायचं राहिलं न्हाई." आणि ती गेली.

नाथाजींनी टोपी घातली, बूट चढवले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि थबकले. हा शेवटचा. हा पाळला तर कालचा मोडला. ते परत आले आणि टोपीबुटासकट खाटेवर बसले, हात गुडघ्यांवर, घाम कानामागून गळत. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. इतका भयंकर अर्धा तास त्यांनी सीमेवरही काढला नव्हता.

इकडे स्टेशनावर अंजनाचा थोरला भाऊ लालासाहेब कांद्याचं पोतं घेऊन उतरला. पंधरा एकर ऊस, गावचा सरपंच. पानाच्या डब्यापेक्षा जड वस्तू त्यानं दहा वर्षांत उचलली नव्हती. दाजी येतील म्हणून तो पोत्यावर बसून राहिला. मग हमाल शोधला, तो नव्हता. मग टांगा शोधला, तो लग्नाला गेला होता. शेवटी पोतं खांद्यावर आलं. फाटकाजवळ रूळ ओलांडताना पोत्याची शिवण उसवली आणि लोणंदचा कांदा कोरेगावच्या उतारावर धावत सुटला. लालासाहेब कांदे वेचायला वाकला की पोत्यातून आणखी सांडत. शेळ्यांनी काही खाल्ले, भल्या माणसांनी काही आणून दिले, बाकीच्यांनी दिले नाहीत. अर्धं पोतं, आणि सोडून झोळी केलेल्या पटक्यात उरलेले कांदे, अशा थाटात तो गल्लीत शिरला तेव्हा दारात बनुबाई उभ्या होत्या.

"दाजी आजारी हायत का वो?" लालासाहेबानं धापा टाकत विचारलं.

"आजारी न्हाईत. पर मी काय बोलायची न्हाई," असं म्हणून बनुबाई पंधरा मिनिटं बोलल्या.

तेवढ्यात अंजना दुधाची चरवी घेऊन आली. दारात कांद्यांच्या सालींनी भरलेला भाऊ, आत खाटेवर टोपी घातलेला नवरा.

"आवं! ठेसनावर गेला न्हाईसा?"

"न्हाई." नाथाजींच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "मोडला."

"एवढ्या हुकमांत माझ्या भावाचाच घावला व्हय? भांड्यांचा मोडायचा हुता की!"

"ती आपसूक लागली."

अंजना खरोखर चिडली. तिनं चरवी आपटली, दाराला लाथ मारली आणि चरवी उचलून तरातरा आत गेली. नाथाजींनी वही काढली. 'चिडली' असं दुसऱ्या रकान्यात लिहिलं आणि कान देऊन बसले. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. दूध तापायला लागलं. नाथाजींनी पेन्सिल तिसऱ्या रकान्यात नेली आणि लिहिलं: 'गेली न्हाई.'

पण लालासाहेब आत आला होता. त्याच्यामागून पाण्याचा तांब्या घेऊन बनुबाई, आणि बनुबाईंच्या मागून, नको म्हणता म्हणता, त्यांचे यजमान नानासो.

"अंजे, भाईर ये," लालासाहेब गरजला. "हवालदार माणसाला तू शिट्टीवर नाचिवतीस? कान धराय लावतीस?"

"मी तसं म्हटलं न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "मी आपलं ऐकलेलं सांगितलं."

"जाऊ द्या की," नानासो म्हणाले.

"घराण्यात असलं कुणी केलं न्हाई!"

तिघंही एकदम बोलू लागली. अंजनाचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला; पाव्हणा आलेला बघूनही ती काढायची राहिली होती. तिनं ती काढली आणि फळीवर ठेवली. "आजपास्नं बंद," ती म्हणाली. "झालं?"

नाथाजींनी फळीवरची शिट्टी पाहिली. दिवाळीपासून रोज पाहत आलेलं वाईट स्वप्न तसंच्या तसं समोर होतं. ते उभे राहिले आणि मैदानावरचा आवाज त्यांनी दहा फुटी खोलीत सोडला.

"विश्राम!"

सगळं थांबलं. नानासोंचे पाय आपोआप फाकले आणि हात पाठीमागे गेले.

"मीच मागितलं हुतं," नाथाजी हळू म्हणाले. "तिनं सांगावं अन् मी ऐकावं, हे मला आवडतं. भ्या न्हाई, जुलूम न्हाई. आज हुकूम मोडून बघितला, तर काय झालं न्हाई. तुमचा कांदा तेवढा गेला, त्याची माफी करा."

 मग लालासाहेबाचा चेहरा मऊ झाला, पण नाथाजींसाठी नव्हे.

"म्हंजे दाजींच्या हौसंपायी तुला हे करावं लागतंय? अंजे, माझे बाई! एवढं सोसलंस, अन् भावाला एक पत्र न्हाई?"

"लय सोसलं वो ताईंनी," बनुबाईंनी लगेच पदर डोळ्याला लावला.

अंजना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला फक्त मान खाली घालायची होती. एवढं केलं असतं तर ती जन्मभर गल्लीची गुणी बाई झाली असती. नाथाजी कुणाकडेच बघत नव्हते. त्यांची पेन्सिल परत पहिल्या रकान्यावर येऊन थांबली होती.

मागं दूध वर आलं. अंजनानं वळूनही पाहिलं नाही. ते फसफसून स्टोव्हवर सांडलं, करपल्याचा वास भिंतीवरून बनुबाईंच्या घरात गेला, आणि अंजनानं हात लांब करून फळीवरची शिट्टी घेतली.

"दादा, कुणी काय सोसत न्हाई," ती म्हणाली. गळ्यापासून कानापर्यंत ती लाल झाली होती. "डाक्तरनं इचारलं तवा मी लाजलू अन् खोटं बोललू. मला आवडतं हे. लय आवडतं. पाच वाजायची मी रोज तीनपास्नं वाट बघती."