भेदरराव साळिंदराची स्वावलंबी जागा

एका जंगलात सगळं छान चाललं होतं आणि बाळांनो, भेदरराव साळिंदराला त्याचीच धास्ती वाटत होती.

"इतकं छान चाललंय म्हणजे काहीतरी वाईट येणारच," तो म्हणे. दुष्काळ येईल, प्रलय येईल, गेला बाजार मोबाइलची रेंज तरी जाईल! तेव्हा कुणापुढे हात न पसरता जगता येईल, अशी जागा शोधायला तो निघाला.

आधी तो डोंगराखालच्या खोऱ्यात उतरला. घोरपडमावशी दगडावर ऊन खात पडली होती.

"मावशी, इथं पाण्याची काय सोय?"

"गवादादाचं डबकं हाये की."

"आणि कंदमुळं?"

"रानडुकरीण उकरती. उरल्यालं आम्ही खातो."

"आणि संकट आलं तर?"

"बोंब मारायची. येतंच कुणीतरी."

भेदररावाच्या अंगावर काटा आला. म्हणजे काटे होतेच, ते उभे राहिले. "हे कसलं खोरं! एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही. साफ नापास!"

मग तो वरच्या उजाड माळावर गेला. तिथं झाड नाही, शेजार नाही, बोलायला चिटपाखरू नाही. "वा! आदर्श!" म्हणून त्यानं बीळ खणलं. दुसरं कुणी घुसू नये म्हणून तोंड अगदी आपल्या मापाचं ठेवलं. आत कंदांची रास रचली. पण रास कुणी पळवली तर? या काळजीनं त्यानं सगळा साठा सर्वांत सुरक्षित जागी हलवला. पोटात.

आणि एका दुपारी माळावरचं वाळलं गवत पेटलं.

भेदरराव बाहेर धावला. डोकं बाहेर आलं, पुढचे पाय आले, पोट काही येईना. आग सरसर जवळ येऊ लागली. हाक मारायची त्याला लाज वाटत होती. पण मिशा करपू लागल्या तशी लाज आधी पळाली.

"मावशीऽऽ! गवादादाऽऽ! मेलो, मेलो!"

सगळं खोरं धावत वर आलं. घोरपडमावशीनं त्याचे पाय धरले. एकदा धरलं की सोडायचं नाही, हा तिच्या घराण्याचा लौकिक. गवादादानं मावशीची शेपूट दातांत धरली आणि मागं हिसका दिला.

फट्!

बाटलीचं बूच उडावं तसा भेदरराव उडाला, तो थेट खालच्या डबक्यात.

"लागलं का रं?" धापा टाकत खाली आलेल्या गवादादानं विचारलं.

भेदरराव चिखलातून उठला. त्यानं घसा खाकरला. सगळ्यांना वाटलं, आता हा आभार मानणार.

"जागा उत्तम आहे," तो म्हणाला. "एकच त्रुटी. मदत फार लांब पडते. गवादादा, तू बिळाशेजारी राहायला ये. मावशी, तूही. आणि हे डबकं जरा वर सरकवता येईल का बघा."

मावशीनं कपाळाला हात लावला. गवादादा मात्र बिचारा विचारात पडला.

"डबकं काय जमायचं नाही गड्या," तो म्हणाला, "पण मी येतो."

तात्पर्य: स्वावलंबी माणसाला कुणाचीही गरज नसते. फक्त ती सगळी मंडळी हाकेच्या अंतरावर असावीत.