रोशाचे दहा थेंब

तेलातलं मला कळतं! अंगाला कोणतं, डोक्याला कोणतं, दुखऱ्या दाढेला कोणतं, किती घ्यायचं आणि कशात कालवायचं, हे विचारायला धुळ्यातल्या निम्म्या बायका अजून माझ्याकडे येतात. मी सांगते, त्या ऐकतात. फक्त "एवढं ज्ञान मिळालं कुठून?" असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. आज बदलत नाही. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती माणसं आता राहिली नाहीत.

सन चौतीसची गोष्ट. मला सासरी येऊन नऊ वर्षं झाली होती आणि माझी धाकटी जाऊ कुंदा हिला दोन. पण घरात वास तिचाच! खरोखरीचा वास म्हणते मी. तिचं माहेर पिंपळनेरकडचं. तिचा भाऊ भाईदास तिथे रोशा गवताची भट्टी लावायचा. गवत भांड्यात उकळायचं, वाफ गार करायची, की वर तेल तरंगतं. वास थेट गुलाबाचा! त्याची एक बाटली कुंदा दर वर्षी माहेराहून आणायची. ती न्हाऊन वेणी घालायला बसली की पुढच्या दारापासून मागच्या न्हाणीपर्यंत बाग फुलायची. आणि माझ्या डोक्याला वास कशाचा? फोडणीचा!

सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणे. कुंदा तेच तेल पातळ करून त्यांचे गुडघे चोळायची. अक्का आल्यागेल्याला सांगायच्या, "कुंदानी तेल चोळं का मना गुडघा सोळा वरीसना व्हई जातस!" अहो, तिच्या आधी सात वर्षं मीही चोळत होते. तेव्हा कोणी त्या गुडघ्यांचं वय काढलं नाही.

एकदा तर हे घरात आले, दारातच थांबले आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! काय वास सुटलाय!"

मी लगबगीने पुढे झाले. "पिठलं केलंय."

"ते नाही गं."

त्या दिवशी यांच्या पिठल्यात मीठ जरा जास्त पडलं. मुद्दाम नाही.

शेवटी मान खाली घालून मी कुंदाला विचारलंच, "किती घालतेस गं?"

"वाटीभर तिळाच्या तेलात दहा थेंब, जाऊबाई. नुसतं नाही हं लावायचं! फार आग होते. आणि त्या हाताने डोळा चोळायचा नाही. आमचा दादा भट्टीवरच्या गड्यांना रोज बजावतो."

मी "हो का!" म्हटलं आणि मनात म्हटलं, वा गं चिक्कू! बाटली संपू नये म्हणून आगीची भीती घालतेस? मला?

असं सगळं मनात साठत असतानाच श्रावण लागला आणि कानबाई आली. आमच्या खानदेशात ही देवी रविवारी घरात बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. तिचा पाट घरातल्या बाईने डोक्यावर न्यायचा आणि पांझरेला पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. पाट जिच्या डोक्यावर, ती घरची कारभारीण. हे कोणी सांगत नाही, सगळ्या गल्लीला दिसतं! इतकी वर्षं पाट अक्का नेत. त्या रविवारी प्रसादाचे रोट खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आते मना गुडघा चालतस नही. पाट दोन्ही सुनांमातून एकीले देसू. कोनले, ते सकाय सांगसू."

मोठी सून मी. मग यात सांगायचं काय राहिलं? सांगायचं राहिलं म्हणजे तराजू कुंदाकडे झुकला! वासाने झुकला!

पहाटे सगळ्यांच्या आधी न्हाणीत शिरले. कोनाड्यातली कुंदाची बाटली माझ्या पदराखाली होती. मी हिशेब केला: दहा थेंबांत तिचा एवढा घमघमाट, तर अर्ध्या बाटलीत माझा केवढा! ओतलं तळहातावर. मग वाटलं, नुसता रोशा लावला तर चोरी ओळखू येईल. म्हणून यांच्या दाढदुखीचं लवंगेचं तेल त्यात मिसळलं. तरी गुलाब वर येतोच आहे, म्हणून पोटदुखीचं पुदिन्याचं तेलही सगळं ओतलं. आता हा वास भाईदासने स्वतः येऊन हुंगला असता तरी त्याला पत्ता लागला नसता! तिळाचं तेल? एक थेंबसुद्धा नाही. ते चिक्कू लोकांसाठी. केसांच्या मुळांत खसखसून जिरवलं, घट्ट अंबाडा घातला आणि राणीसारखी बाहेर आले.

अक्का देवीपुढे बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पाट भागा लई जाई. मोठी शे ती, तिनाच मान शे."

मी थक्क! "मग काल का नाही सांगितलं, अक्का?"

"काल सांगं असतं ते रातले पुरन वाटाना तुना हात थांबी जाता!"

म्हणजे मान माझा होताच! नुसत्या पाण्याने न्हाले असते तरी मिळाला असता! पण पाट डोक्यावर आला, वाजंत्री सुरू झाली, आणि मी कुंदाकडे असं पाहिलं जसं इंजिन मालडब्याकडे पाहतं.

दारातून निघाले तेव्हा डोकं गार. बर्फासारखं गार! मी म्हटलं, बघा, म्हणे आग होते! शेजारच्या धनकुंवरबाईंच्या ओट्यापाशी पोचले तेव्हा डोकं कोमट झालं. त्या मारवाडी घरच्या, मोठ्या मायाळू. "भागाबाई, आज तो बहोत शोभा दिखती हो!" म्हणाल्या. मला हसता आलं नाही. पुढच्या दहा पावलांत डोक्यावर कोणीतरी तवा ठेवला. गल्लीच्या वळणावर तव्याखाली चूल पेटली! वरून पाटाचा भार, त्यावर नारळाची देवी, दागिने, फुलं. दोन्ही हात पाटाला. घामाबरोबर एक ओघळ कपाळावरून निघाला आणि सरळ डोळ्यात उतरला.

आई गं!

पाट सोडता येईना, डोळा चोळता येईना. मी या पायावरून त्या पायावर नाचू लागले. मान हलवायची सोय नव्हती, म्हणून कमरेतून झटके देऊ लागले. तोंडातून आपोआप "हू! हू! हाऽऽ!" निघालं.

आमच्या गल्लीत भिकुबाई म्हणून एक होती. कोणाच्या अंगात आलं की देवीशी बोलणी तीच करायची. ती ओरडली, "कानबाई उनी वं माय! भागाना आंगमा कानबाई उनी!"

झालं! वाजंत्री दुप्पट जोरात. पाट पडेल म्हणून कुंदाने पुढे होऊन तो चटकन आपल्या डोक्यावर घेतला. मी मोकळी झाले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून घुमू लागले. घुमू कसली, गल्लीभर पळू लागले! अंबाडा सुटला, केस मोकळे झाले. आता तर कोणाला शंकाच उरली नाही.

"माय तापेल शे! पानी टाका!" भिकुबाईने हुकूम सोडला.

घागरभर पाणी डोक्यावर आलं. तेल पाण्याने कधी निघतं का? होतं तेवढं डोक्यावर, ते आता कानात, मानेवर, पाठीवर आणि उरलेल्या डोळ्यात गेलं. मी किंचाळले.

"माय खूश व्हयनी! आखो टाका!"

तेवढ्यात गल्लीतलीच तानुबाई पाया पडून विचारू लागली, "माय, मनी म्हैस कव्हय व्याई?"

मला कोणीतरी वाचवा, पुढच्या वर्षी नको, आत्ता, एवढंच सुचत होतं. "आत्ता!" मी ओरडले. "आत्ता! आत्ता!"

तानुबाई घराकडे धावली. माझं नशीब इतकं खोटं, की म्हैस खरंच त्या दुपारी व्याली!

मग गर्दी दुभंगली आणि खुद्द अक्का समोर आल्या. नऊ वर्षांत मी ज्यांच्यापुढे मान वर केली नाही, त्यांनी मला हात जोडले. "माय, मना मांगे तुना पाट कोन लई जाई? तूच सांग."

त्याच क्षणी डोक्यावर पाट सांभाळत कुंदा माझ्या कानाशी आली. तिने एकदा हुंगलं. हळूच म्हणाली, "जाऊबाई... नुसतं लावलंत?"

साऱ्या धुळ्यात त्या घटकेला माझं दुखणं ओळखणारं एकच माणूस होतं. मी जीव तोडून ओरडले, "कुंदा! कुंदाऽऽ! कुंदाच!"

वाजंत्री थांबली. अक्कांनी डोळे मिटून मान हलवली. "समजनं, माय. कुंदाच."

मला नाही म्हणायला तोंड होतं, पण श्वास नव्हता.

कुंदा मात्र भानावर होती. "पाणी थांबवा! गोडं तेल आणा, तिळाचं! लवकर!"

"माताजी तेल मांगे है!" धनकुंवरबाई ओट्यावरून ओरडल्या आणि स्वतःच लोटा घेऊन धावत आल्या. देवीला एका घरचं तेल आणि आपलं नाही, हे गल्लीला कसं खपणार? पाच घरांतून पाच लोटे आले. सगळे माझ्या डोक्यावर! पण खरं सांगते, दुसऱ्या लोट्याला आग निवू लागली. तिसऱ्याला डोळा उघडला. उघडल्यावर पहिलं काय दिसलं? पाट डोक्यावर घेऊन ऐटीत पांझरेकडे निघालेली कुंदा!

संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून तेलाच्या फडक्याने माझी मान पुसत होती.

"बाटली निम्मी झालीय, जाऊबाई."

"मांजराने सांडली असेल."

"मांजराने लवंगही घातली वाटतं."

मग तीच म्हणाली, "अक्कांना खरं सांगू का? मान तुमचा आहे. मला नको."

हेच मला सहन होईना! भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी विचार केला. खरं सांगावं, तर मी चोर. शिवाय गल्लीभर देवीचं सोंग केल्याचं पाप. आणि तानुबाईची म्हैस तर व्याली होती, तिला काय सांगणार? मी म्हटलं, "देवीच्या शब्दापुढे आपण कोण गं?"

कुंदा पदर तोंडाला लावून हसली. तिने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. दुष्ट!

वाटलं, मान गेला तर गेला, प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय! पुढच्या श्रावणात कुंदा पाट घेऊन पुढे, मी तोंड पाडून मागे. वळण आलं आणि पाहते तो काय, आख्खी गल्ली तेलाचे लोटे घेऊन माझ्याकडे बघत उभी! दोन म्हशीवाल्या तर जळगावहून आल्या होत्या. काय करणार? घुमले. बिनआगीचं घुमणं फार अवघड असतं, मंडळी! दर वर्षी घुमले, दर वर्षी पाच लोटे डोक्यावर घेतले आणि आठ आठ दिवस केस धूत बसले.

सत्तेचाळीस साली म्हटलं, देश सुटला, आता मीही सुटेन. वळणावर पोचले. भिकुबाईने यंदा लोटा आणला नव्हता. डबा आणला होता!