डॉक्टर सामंतांचा शेवटचा पेशंट

डॉक्टर सामंत दर रविवारी मासा पकडतात, त्याची मराठीत माफी मागतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात.

जन्म मालवणचा. बांगड्याचं तिखलं समोर आलं की जेवण संपेपर्यंत ते कुणाशी बोलत नाहीत. पण तळ्यातला ट्राउट कधी तळून बघितलात का, असं इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी ओळखीच्यांना खात नाही." आमचे अध्यक्ष फक्त ओळखीच्यांनाच खातात. त्यांनी ताबडतोब विषय बदलला.

तळं आमच्या गावापासून तासाभरावर, उत्तर इंग्लंडात, नॉर्दम्बरलंडमधल्या स्प्रूसच्या झाडांच्या जंगलात. एवढंसं, की रमतगमत चाललं तरी वीस मिनिटांत फेरी पुरी होते. डॉक्टरांनी तीस वर्षं लोकांच्या पोटाची दुखणी पाहिली आणि रिटायर झाल्यावर एकच पेशंट ठेवला.

"तळ्याला ॲसिडिटी आहे," त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. मी हसलो. ते हसले नाहीत. ही दाट झाडं हवेतली घाण गोळा करतात, ती पावसाबरोबर उतरते, पाणी आंबट होतं आणि त्यात अंडी जगत नाहीत. म्हणून तळ्यात नुसते म्हातारे मासे उरलेत, असं त्यांचं निदान. पुरावा म्हणून ते प्रत्येक माशाचा एक खवला काढत, भिंगाखाली धरत आणि त्यावरची वलयं मोजून वय सांगत. "नऊ वर्षं. सीनियर सिटिझन. याला बसचा पास द्यायला हवा." या निदानाबद्दल त्यांनी स्वतःची पाठ थोपटली नाही असा रविवार मला आठवत नाही.

जंगलवाल्यांना पत्रं लिहून लिहून त्यांनी परवानगी मिळवली आणि तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात चुनखडी टाकली. डोस त्यांनी ठरवला. पोती मी उचलली. मी त्यांच्या घरासमोरच राहतो, हा माझा गुन्हा.

त्यांची मुलगी शिल्पा खाली लंडनमध्ये, क्रॉयडनला. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा: "बाबा, घर विका, इकडे या. खोली तयार आहे." डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं. "पेशंट बरा झाला की येतो. तळ्यात एक पोर दिसू दे, दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये बसतो." शिल्पाने हे मनावर घेतलं. दर रविवारी संध्याकाळी ती मला फोन करायची, "दादा, दिसलं का?"

डॉक्टरांच्या वहीत वजन, लांबी, वय असे रकाने होते. शेवटचा रकाना 'पोर'. त्यात तीन वर्षं एकच शब्द: नाही.

मासेमारीच्या सीझनचा शेवटचा रविवार होता. गळाची काठी जेमतेम थरथरली. "पान अडकलं असेल," डॉक्टर म्हणाले.

वर आला तो बोटाएवढा ट्राउट. अंगावर लाल ठिपके, अगदी कोराकरकरीत.

आता भाषण होणार, म्हणून मी बूड टेकलं.  पण डॉक्टरांनी हात ओले केले, त्याला ओंजळीत धरून पाण्याखालीच बराच वेळ पाहिलं. खवला काढला नाही. माफीही मागितली नाही. नुसती ओंजळ उघडली.

मग चष्मा पुसला, वही काढली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: नाही.

"डॉक्टर! हे खोटं आहे."

"एका रिपोर्टवरून पेशंट बरा म्हणत नाहीत," थर्मासचं झाकण फिरवत ते म्हणाले. थोड्या वेळाने पाण्याकडे बघत म्हणाले, "शिल्पाकडे सकाळी सातला सगळे बाहेर पडतात रे. मागे पंधरा दिवस राहिलो ना. दिवसभर घरात मी आणि हीटिंगचा बॉयलर. तो पेटला की बरं वाटायचं. कुणीतरी आहे."



संध्याकाळी फोन आला. "दादा, दिसलं का?"

समोर डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता.

"नाही गं," मी म्हटलं. खोटं बोलणं इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

कोट चढवून मी रस्ता ओलांडला. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"काय सांगितलंस?"

"नाही म्हणून."

डॉक्टरांनी मान हलवली.  मग एक बोट माझ्यासमोर धरून हळूच म्हणाले, "एवढंसं होतं, नाही रे?"