बिनखाडाखोडीची वही

चंदनसारचे चंद्रहासराव नोकरी म्हणून समुद्राचं तापमान तपासत. समुद्र त्यांच्या टेबलावर बोटींच्या वह्यांतून येई. दर सहा तासांनी बोटीवरून कॅनव्हासची बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवून आकडा लिहायचा, अशी पद्धत. खोटा आकडा आपल्याला वासावरून कळतो, असं ते बायकोला, सुहासिनीबाईंना, जेवताना सांगत. अठ्ठ्याण्णव साली त्यांची बढती अडली ती इथेच. एवढ्या वर्षांत एकही खोटी वही कशी सापडली नाही, असं साहेबांनी विचारलं आणि सोमवारपर्यंतची मुदत दिली.

एक वही त्यांना खुपत होती. तीन वर्षांत एक डाग नाही, खाडाखोड नाही. वादळातसुद्धा अक्षर ओळीवर. लिहिणारा सेकंड ऑफिसर पॉल सुट्टीवर आपल्या गावी, गासला, आलाय असं कळताच रविवारी वही बगलेत मारून ते तिथे धडकले.

पॉल केळींना पाणी देत होता. त्याने काही लपवलं नाही. पहिल्याच सफरीत दोर तुटून बादली गेली. नवी मागितली, तर कप्तानाने नियम दाखवला: जुनी जमा करा, नवी न्या.

"आता समुद्रातनं बादली कुठनं काढू, साहेब? रकाना मोकळा ठेवला की तुमचं पत्र येतं."

"म्हणून आकडे मनाने लिहिलेत?"

"मनाने कशाला? आपण काय अडाणी आहोत?" पॉलने आतून एक तक्ता आणला. "यातनं उतरवले."

तक्ता कार्यालयाचाच होता, बोटींना पाठवलेला. कुठल्या महिन्यात कुठे किती तापमान असावं, याची सरासरी. खाली सही चंद्रहासरावांची. वह्या ते याच तक्त्याशी ताडून पाहत, आणि बरोबर ठरलेल्या वह्यांवरून दरवर्षी नवा तक्ता बनवत.

पॉलच्या बायकोने, विनीने, चहा आणून ठेवला. तो निवेपर्यंत चंद्रहासराव सही पाहत बसले.

"मग, पकडलंत का मला?" पॉलने विचारलं.

"नाही. पण इतकं बरोबर लिहू नका हो. समुद्र आहे तो. कुठे अर्धा अंश वर, कुठे खाली. एखादी खाडाखोड."

"कुठे वर, कुठे खाली?"

"ते मनाने."

"मनाने नको, साहेब. तेवढा तक्ता करून द्या."

चंद्रहासरावांनी पेन काढलं. त्या वर्षीची बढती गेली. पुढच्या वर्षी पॉलच्या वहीत तीन खाडाखोडी निघाल्या, आणि प्रामाणिक वही कशी असते हे दाखवायला साहेबांनी ती सगळ्या बोटींकडे नमुना म्हणून पाठवली.